पावसाळ्यात टायटॅनियमचा लॉट सोनेरीऐवजी जांभळा निघतोय? फर्नेसला शिव्या घालायच्या आधी हे बघा

जून संपत आला की माझा फोन सुरू होतो. "दादा, लॉट जांभळा निघालाय, आता काय करू?" साकीनाक्याला एका गाळ्यात मी प्लाझ्मा नायट्रायडिंग करतो, म्हणजे फर्नेसमध्ये नायट्रोजनच्या प्लाझ्मात तापवून धातूचा वरचा थर कडक करायचं काम, चौदा वर्षं झाली, सुरुवातीला नुसते डाय आणि गिअरचे जॉब असायचे, मग हळूहळू इम्प्लांटवाल्यांचं टायटॅनियम यायला लागलं, हाडाच्या प्लेटांचे स्क्रू, ड्रिल गाईडच्या स्लीव्ह, असलं बारीकसारीक. पावसाळ्यातला हा लोचा मी इतक्या वेळा निस्तरलाय की समोरच्याच्या आवाजावरूनच कळतं काय झालंय ते. पण दरवेळी तेच तेच सांगून घसा दुखतो, म्हणून एकदाच बसून लिहितोय.

नवीन पोरांसाठी थोडक्यात. आपण ज्याला सिक्स-फोर म्हणतो ते टायटॅनियम, ६ टक्के ॲल्युमिनियम, ४ टक्के व्हॅनेडियम, इम्प्लांटसाठी त्याचाच ईएलआय ग्रेड, म्हणजे ऑक्सिजनसारखी भेसळ कमी असलेला. ताकद भरपूर, वजन कमी, शरीराला चालतं, पण घासण्याच्या बाबतीत एकदम कच्चं. मूळ हार्डनेस ३२० ते ३५० एचव्हीच्या (विकर्स, हार्डनेसचं माप) आसपास, आणि टायटॅनियम टायटॅनियमवर घासलं की चिकटतं. प्लेटेत लॉक केलेला स्क्रू डॉक्टर वर्षा-दोन वर्षांनी काढायला जातात तेव्हा तो फिरतच नाही, डोक्याचा खाचा गोल होऊन जातो, अशा तक्रारी या धंद्यात जुन्या आहेत. म्हणून वरचा थर कडक करायचा. ७०० ते ८५० डिग्रीला नायट्रोजनच्या प्लाझ्मात काही तास ठेवलं की वर एक ते तीन मायक्रॉनचा टायटॅनियम नायट्राइड बसतो, तोच सोनेरी, आणि त्याच्या खाली नायट्रोजन मुरलेला वीस-तीस मायक्रॉनचा पट्टा. खरं काम या खालच्या पट्ट्यावर उभं असतं, सोनं नुसतं वर दिसतं.

आता मुख्य गोम. टायटॅनियमला नायट्रोजनपेक्षा ऑक्सिजन कितीतरी जास्त आवडतो. दोघं समोर आले तर ते आधी ऑक्सिजनला मिठी मारणार, नायट्रोजन राहिला बाजूला. त्यामुळे स्टीलला जी हवा आणि ओल खपून जाते ती इथे अजिबात खपत नाही. आणि मुंबईचा जुलै म्हणजे भिंतीला हात लावला तरी ओला होतो.

लक्षणं काय काय दिसतात

सगळ्यात जास्त येणारी तक्रार रंगाची. पिवळसर, मग जांभळा, मग निळा. पावसात रस्त्यावर पेट्रोल सांडलं की पाण्यावर रंग दिसतात ना, तोच प्रकार, ऑक्साइडचा पातळ थर जितका जाड तसा रंग बदलतो. कधी पूर्ण लॉट तसा निघतो, कधी फक्त दाराजवळचे जॉब, कधी एकाच जॉबवर ढगासारखे डाग. दुसरं, रंग छान सोनेरी पण हार्डनेस लागत नाही. तिसरं, स्क्रूच्या आट्यांच्या कडांना पापुद्रे सुटतात. चौथं, भोकांच्या तोंडाशी काळपट रिंग किंवा वितळल्यासारखी खूण. पाचवं, लांब जॉब वाकलाय.

आणि एक उलटं लक्षण, जे कुणी तक्रार म्हणून सांगतच नाही: रंग एक नंबर, गिऱ्हाईक खूश, पण आतला पट्टा लागलेलाच नाही. रंग म्हणजे हार्डनेस नाही हे मी गिऱ्हाइकांना किती वेळा सांगितलं असेल. डोळ्याला सोनं दिसायला अर्धा मायक्रॉनसुद्धा पुरतो.

फुकटातलं आधी

चार्ज, म्हणजे फर्नेसमध्ये एका वेळी लावलेला माल, बाहेर काढताना कोणता जॉब कुठे होता त्याचा फोटो काढा. काढून टेबलावर ओतलं की पुरावा गेला. खराब जॉब सगळे दाराकडे असतील तर ओ-रिंगकडे (दाराचं रबरी सील) बोट जातं, गॅस आत येतो त्या बाजूला असतील तर गॅसलाइनकडे, सगळीकडे विखुरलेले असतील तर धुण्याकडे. या एका फोटोने माझे निम्मे दिवस वाचलेत.

मग एक टाकाऊ जॉब घ्या आणि कोपऱ्यावर बारीक डायमंड पेस्टने अगदी हलकं घासा. जांभळ्याखालून सोनं आलं तर नायट्राइड नीट बसलाय, ऑक्सिजन नंतर, म्हणजे थंड होताना आलाय. घाईत दार लवकर उघडलंत का ते स्वतःला खरं खरं विचारा. मी १०० डिग्रीच्या खाली आल्याशिवाय हात लावत नाही, शेठ खाली गाडी लावून उभा असला तरी नाही. घासल्यावर खाली करडं निघालं तर मात्र ऑक्सिजन प्रोसेस चालू असतानाच आत होता, आणि पुढचं सगळं वाचावं लागेल.

रेसिपीपण बघा, हसू नका. स्टीलची ५२० डिग्रीची रेसिपी टायटॅनियमवर चालवलेली मी पाहिलीय. त्या तापमानाला टायटॅनियमवर कामाचा थर बसतच नाही, आणि स्टीलच्या गॅसमध्ये हायड्रोजन असतो तो हे टायटॅनियम पिऊन टाकतं आणि ठिसूळ होतं. इम्प्लांट ग्रेडमध्ये हायड्रोजनची मर्यादाच ०.०१२ टक्के आहे. असं झालं असेल तर बाकी काही तपासायचं नाही, तो लॉट बाजूला.

हार्डनेस लागत नाही म्हणतायत, पण मोजला कसा?

गिऱ्हाइकाचा मेल येतो, हार्डनेस ४०० आलाय, रिजेक्ट. विचारलं लोड किती, म्हणजे मोजताना हिऱ्याचं टोक किती वजनाने दाबलं, तर एक किलो. अहो, एक किलोला ४०० आला म्हणजे ठसा जवळजवळ ६८ मायक्रॉन रुंद, आणि विकर्सच्या ठशाची खोली रुंदीच्या सातव्या हिश्श्याएवढी, म्हणजे हिरा दहा मायक्रॉन खाली घुसला. तुमचा थर दोन मायक्रॉनचा. पापड भातावर ठेवून बोट दाबायचं आणि म्हणायचं पापड मऊ आहे, तशातली गत. २५ ग्रॅमला मोजा, हजार एचव्हीच्या पृष्ठभागावर ठसा सातेक मायक्रॉनचा आणि खोली एक मायक्रॉन. ती पण थराच्या मानाने जास्तच आहे, खोली थराच्या दहाव्या हिश्श्यात राहावी असा नियम सांगतात, पण निदान आपण काय मोजतोय ते तरी कळतं. पृष्ठभाग पॉलिश हवा, नाहीतर २५ ग्रॅमचा ठसा दिसतच नाही. ड्रॉइंगवर लोड लिहिलेलाच नसेल तर फोन करून लिहून घ्या, भांडण तिथेच मिटतं.

याच वेळी एक जॉब कापून आतला हार्डनेसपण बघा. १६०-१७० आला तर ते सिक्स-फोर नाहीच, शुद्ध टायटॅनियमचा बार मिक्स झालाय. गिरगाव-कुंभारवाड्याकडून आलेल्या मालात एकाच बंडलात दोन प्रकारचे बार निघालेले मी स्वतः पाहिलेत, सर्टिफिकेट दोघांचं एकच!

ओल आणि तेल, खरा चोर इथेच असतो

एका जुलैत माझे लागोपाठ तीन चार्ज गेले. गॅस बदलला, ओ-रिंग बदलली, सर्व्हिसवाला बोलावला, तो दिवसभर बसला, चहा प्यायला, बिल दिलं, फॉल्ट सापडला नाही. चौथ्या दिवशी माझा हेल्पर धुतलेले स्क्रू ब्लो-गनने सुकवत होता, गन चुकून त्याच्या तळहातावर चालली, आणि म्हणतो, "दादा, हात ओला झाला." मी टिश्यू पेपर धरला गनसमोर. मधोमध पिवळसर डाग, भोवती ओलं. कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी साठलं होतं, हवेतलं पाणी अडवणारा मॉइश्चर ट्रॅप गळ्यापर्यंत भरलेला, आणि आम्ही छान धुतलेल्या जॉबवर रोज तेल-पाण्याचा फवारा मारत होतो. ड्रेन कॉक उघडला तर पाव बादली पाणी निघालं, चहाच्या रंगाचं.

तेव्हापासून पावसाळ्यात सकाळी आल्या आल्या ड्रेन उघडायचा, भिंतीवर खडूने टिक करायची. टिश्यू पेपरची टेस्ट रोज. पैसे शून्य.

मग पाण्याची टेस्ट. धुतलेला जॉब डीआय (क्षार काढलेल्या) पाण्यात बुडवून वर काढा. पाण्याचा पडदा अर्धा मिनिट अखंड राहिला पाहिजे. थेंब थेंब होऊन फुटला तर तिथे तेल आहे, कटिंग ऑइल, पॉलिशचं मेण, काहीही, आणि त्या जागी नंतर नक्की डाग येणार. नळाच्या पाण्याने शेवटचं धुणं करू नका, त्यातलं क्लोराइड जॉबवर बसतं आणि गरम टायटॅनियमचं आणि क्लोराइडचं वैर आहे, ताण असलेल्या जॉबला तडे जाऊ शकतात. घामाच्या बोटांचे ठसेपण त्याच कारणाने धोक्याचे, म्हणून पावडर नसलेले नायट्राइल हातमोजे. जुन्या लोकांची ट्रायक्लोरोची (तेल काढायचं ट्रायक्लोरोइथिलीन) सवय असते ती टायटॅनियमला नको, आणि मिथेनॉल तर अजिबात नको, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) वापरा.

धुवून झालं की १००-१२० डिग्रीच्या ओव्हनमध्ये सुकवा आणि तिथून गरम गरमच चार्जमध्ये. आमच्याकडे आधी धुतलेले जॉब रात्रभर ट्रेमध्ये पडायचे आणि चार्ज सकाळी लागायचा, पावसाळ्यात त्या एका रात्रीत काय होत असेल विचार करा. फर्नेसचं दारपण तसंच. दार उघडं ठेवून जेवायला गेलात तर आतली प्रत्येक भिंत हवेतली ओल पिऊन बसते, मग पंप चालू केला की तीच ओल तासन्‌तास बाहेर येत राहते.

पंपाचं तेल बघायला विसरू नका. रोटरी पंपाच्या काचेतून तेल ताकासारखं पांढुरकं दिसलं तर त्यात पाणी गेलंय. गॅस बॅलास्ट (पंपात थोडी हवा सोडायचा व्हॉल्व्ह) उघडून, फर्नेसकडचा व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप अर्धा तास गरम चालवा, बऱ्याचदा तेल साफ होतं. नाही झालं तर बदला, तेल काही जॉबपेक्षा महाग नाही.

गॅस, फिक्स्चर, आणि मधली भोकं

नायट्रोजन ९९.९९९ टक्के हवा, वेल्डिंगवाला नको. हा ग्रेड घेतला तरी सिलिंडर तळाला जाईपर्यंत ओढू नका, प्रेशर उतरत जातं तसं गॅसमधल्या ओलीचं प्रमाण वाढत जातं, १५ बारच्या आसपास आला की मी बदलतो. आणि सिलिंडरपासून फर्नेसपर्यंत रबरी नळी असेल तर आजच काढा, रबरातून बाहेरची ओल आत झिरपते, वरून हात लावून कळत नाही. स्टेनलेसची ट्यूब टाका. सिलिंडर बदलल्यावर लाइन दोन-तीनदा भरून ओढून घ्यायची, नाहीतर जोडताना शिरलेली हवा थेट चार्जमध्ये जाते.

फिक्स्चरचं, म्हणजे जॉब धरून ठेवणाऱ्या सांगाड्याचं, थोडक्यात सांगतो. जॉब बांधायला टायटॅनियमचीच वायर, लोखंडी नाही, प्लाझ्मात लोखंड उडून जॉबवर बसतं. जुन्या फिक्स्चरवर आधीच्या शंभर चार्जचे पापुद्रे असतील तर ते निघून जॉबवर पडतात आणि आपण म्हणतो थर सुटला. भोकांच्या तोंडाशी काळी रिंग असेल तर तो ऑक्सिजनचा दोष नाहीच, भोकात किंवा दोन जॉबच्या फटीत प्लाझ्मा कोंडतो आणि तेवढी जागा भलतीच तापते. भोकात टायटॅनियमची पिन घाला, जॉबमधलं अंतर वाढवा, प्रेशर बदलून बघा. चार्ज चालू असताना काचेतून बघा, कुठे जास्त लखलखतंय ते उघड दिसतं.

इथपर्यंत सगळं ठीक निघालं तर मग फर्नेस

लीक टेस्ट. थंड, रिकामी, कोरडी फर्नेस घेऊन आतली हवा पंपाने पूर्ण ओढा, सगळे व्हॉल्व्ह बंद करा, आणि प्रेशर किती चढतं ते दर दहा मिनिटांनी तासभर वहीत लिहा. टायटॅनियमसाठी मी तासाला १० मायक्रॉनपेक्षा जास्त चढ सहन करत नाही, म्हणजे ०.०१३ मिलिबार (हा मायक्रॉन जाडीचा नाही, प्रेशरचा). पण नुसता शेवटचा आकडा बघू नका, चढायची चाल बघा. आधी भराभर चढून मग मंदावलं तर ती आतल्या भिंतींची ओल आहे, फर्नेस फुटलेली नाही. एकसारखं सरळ रेषेत चढत राहिलं तर कुठेतरी खरं भोक आहे. हा फरक कळला नाही म्हणून लोकांनी चांगल्या ओ-रिंग फेकून दिल्यात आणि लीक शोधत आठवडा घालवलाय, आणि उत्तर होतं ओली फर्नेस.

ओल असेल तर रिकामी फर्नेस प्रोसेसपेक्षा पन्नासेक डिग्री वर नेऊन, व्हॅक्यूममध्ये दोन-तीन तास भाजून घ्या. लीक असेल तर आधी दाराची ओ-रिंग, तिच्यावरचा एक केससुद्धा पुरतो, मग थर्मोकपलचे (तापमान मोजायच्या वायरचे) फीड-थ्रू, म्हणजे वायर आत जाते ती जागा, मग व्ह्यू-पोर्टची काच. तिथेही सापडलं नाही तर हेलियमवाल्याला (हेलियम गॅसने लीक शोधणाऱ्याला) बोलवा, नट पिळत बसू नका.

भाजून झाल्यावर माझी आवडती टेस्ट. चकचकीत पॉलिश केलेला टायटॅनियमचा तुकडा, नखाएवढा, रिकाम्या फर्नेसमध्ये ठेवायचा, नायट्रोजन न सोडता नुसत्या व्हॅक्यूममध्ये प्रोसेसच्या तापमानाला अर्धा तास. चांदीसारखा गेला आणि चांदीसारखाच आला तर फर्नेस निर्दोष, जा परत धुण्याकडे. पिवळा किंवा निळा आला तर अजून काहीतरी आत आहे. पावसाळ्यात मी हे दर सोमवारी करतो, रविवारभर फर्नेस बंद असते म्हणून.

शेवटी तापमान. के टाइप थर्मोकपल जुना झाला की खोटं बोलतो. नवीन कॅलिब्रेटेड त्याच्या शेजारी ठेवून दोघांचं वाचन बघा. पायरोमीटरवर (न लावता, चमकेवरून तापमान सांगणारं यंत्र) विसंबून असाल तर लक्षात ठेवा, नायट्राइड बसत जातो तसा टायटॅनियमचा पृष्ठभाग बदलतो आणि पायरोमीटरचं वाचनपण सरकतं. तापमान कमी पडलं तर पातळ थर, जास्त झालं तर धातूच्या आतले कण (ग्रेन) मोठे होतात आणि लांब जॉब स्वतःच्या वजनाने वाकतो.

कुठे थांबायचं

प्लाझ्माच्या पॉवर सप्लायचं झाकण उघडायचं नाही. आत काहीशे व्होल्टचा डीसी असतो, बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये राहतो. तो उत्पादकाच्या माणसाचा प्रांत.

खराब थर ॲसिडने काढायचा नाही. कुणीतरी सल्ला देतंच, हायड्रोफ्लोरिक आणि नायट्रिकमध्ये बुडव, साफ निघेल. निघेल, पण प्रमाण चुकलं तर जॉबमध्ये हायड्रोजन शिरतो, आणि हायड्रोफ्लोरिक कातडीतून हाडापर्यंत जातं, सुरुवातीला दुखतसुद्धा नाही. ज्याच्याकडे हूड, कॅल्शियम ग्लुकोनेटची जेल आणि शिकलेली माणसं नाहीत त्याने बाटलीचं झाकणही उघडू नये. लॅबमध्ये काप घेऊन एचिंग (आतली रचना दिसावी म्हणून ॲसिड लावणं) करायचं असतं त्यातही हेच ॲसिड असतं, म्हणून सेक्शन बघायचं काम मेटलर्जी लॅबलाच द्या.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, जांभळा लॉट परत फर्नेसमध्ये घालून "सोनेरी करून" द्यायचा नाही. मोह होतो, मलाही झालाय, रात्री अकरा वाजता शेठचा फोन चालू असतो तेव्हा तर फारच. पण वरचा ऑक्साइड तसाच राहून त्याच्यावर काय बसतंय ते तुम्हाला दिसत नाही. दुसऱ्यांदा तापवल्यावर आतले कण आणखी मोठे होतात, आणि मुळात नायट्रायडिंगनेच सिक्स-फोरची फटीग ताकद (वारंवार ताण सोसायची ताकद) खाली येते, म्हणून तर वारंवार वाकणाऱ्या जॉबवर हे करायला मी दहा वेळा विचार करतो. तो स्क्रू कुणाच्या तरी मांडीच्या हाडात बसणार आहे, रोज हजारो पावलं. शिवाय गिऱ्हाइकाने मेडिकल डिव्हाइसेस रूल्स २०१७ खाली जी प्रोसेस व्हॅलिडेट करून दाखवलीय ती तुम्ही आपल्या मनाने दोनदा चालवू शकत नाही. रीवर्क करायचा की भंगारात टाकायचा हे त्यांच्या क्वालिटीवाल्याने लेखी सांगायचं, आपण नाही.

म्हणजे आत्ता तुमच्यासमोर जांभळा डबा उघडा पडला असेल तर चार्जचा ग्राफ सेव्ह करा, चांगल्या जागचा एक आणि खराब जागचा एक असे दोन जॉब लॅबसाठी वेगळे काढा, बाकी डब्याला लाल टॅग लावून कुलपात ठेवा, आणि गिऱ्हाइकाला आजच फोन करा. ओरडेल. ओरडू दे. तोपर्यंत पोराला सांगा कॉम्प्रेसरचा ड्रेन उघडायला.